खुलं पत्र: एमीच्या हातातला पाना पुसून टाकू नका

मुलांसाठी मराठीत चरित्रं लिहिणाऱ्या लेखक-लेखिकांना आणि ती छापणाऱ्या संपादकांना,

स. न. वि. वि.

गेली २२ वर्षं मी इंजिनांच्या देखभालीचं काम करते. लिहिणं हा माझा प्रांत नाही. तरी हे पत्र लिहायला बसले, ते सहावीतल्या एका मुलीच्या प्रश्नामुळे. एका शाळेत मी एमी जॉन्सनबद्दल बोलत होते. १९३० साली इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत एकटीने विमान नेणारी ही पहिली स्त्री. वर्गातल्या काहींनी तिची गोष्ट आधी कुठेतरी वाचलेली होती. मधल्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "पुस्तकात लिहिलंय की रंगूनजवळ तिचं विमान खड्ड्यात गेलं आणि मग ते दुरुस्त करण्यात आलं. कोणी केलं?"

'दुरुस्त करण्यात आलं.' आपल्या भाषेत ही रचना फार सोयीची आहे. ठराव मांडण्यात येतो, रस्ता खोदण्यात येतो, आणि करणाऱ्याचं नाव-गाव कुठेच लागत नाही. सरकारी कागदात ते खपून जातं. एमीच्या चरित्रात मात्र त्या तीन शब्दांत तिचं निम्मं आयुष्य गडप होतं. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे.

(तिचा उल्लेख मी एकेरीत करते आहे. जीव लागलेल्या माणसाला अहोजाहो करायला मला जमत नाही.)

एमीचा जन्म १ जुलै १९०३ चा, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हल या बंदराच्या गावातला. वडिलांचा मासळीचा व्यापार. ती शेफील्ड विद्यापीठातून अर्थशास्त्र घेऊन पदवीधर झाली आणि लंडनला एका वकिलांच्या कचेरीत नोकरीला लागली. १९२८ मध्ये स्टॅग लेनच्या विमानतळावर, लंडन एरोप्लेन क्लबात, उडायला शिकू लागली. एवढं सगळीकडे लिहिलेलं असतं. तिथून पुढे लेखक एकदम १९३० च्या मे महिन्यात उडी मारतात. टायपिस्ट मुलगी विमानात बसली आणि ऑस्ट्रेलियाला पोचली! त्या काळच्या वर्तमानपत्रांनीही हेच केलं होतं, कारण टायपिस्ट म्हटलं की बातमी गोड होते.

या उडीत जे राहून जातं, त्यावर एक अख्खं प्रकरण लिहा, अशी माझी विनंती आहे. उडायला ती काही झटकन शिकली नाही. पहिल्यांदा एकटीने विमान वर न्यायच्या आधी तिला साधारण १५ तासांचं शिक्षण घ्यावं लागलं, सर्वसाधारण शिकाऊपेक्षा जास्तच. तिचं मन लागलं ते हँगरमध्ये, म्हणजे विमानं ठेवतात आणि दुरुस्त करतात त्या शेडमध्ये. तिथे बायकांची ये-जा नव्हती. मुख्य ग्राउंड इंजिनिअर जॅक हम्फ्रीज यांनी तिला आत घेतलं, आणि मग ती नोकरीच्या वेळेआधी पहाटे आणि सुटल्यावर संध्याकाळी तिथे येऊन इंजिनं उघडू लागली. मेकॅनिक लोक तिला 'जॉनी' म्हणत. कारखान्यात तुम्हाला टोपणनाव पडलं म्हणजे तुम्ही तिथले झालात, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. डिसेंबर १९२९ मध्ये तिला ग्राउंड इंजिनिअरचं 'सी' लायसन्स मिळालं. ते मिळवणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री. हे लायसन्स इंजिनाचं होतं. उड्डाणाआधी इंजिन तपासायचं, ते उडण्याजोगं आहे असं ठरवायचं आणि त्याखाली आपली सही करायची. उद्या काही झालं तर त्या सहीला जाब विचारला जातो. २६ वर्षांच्या मुलीकडे असं लायसन्स असणं म्हणजे काय, हे मुलांना सांगायला दोन पानं खर्च करा. फुकट जाणार नाहीत.

आता ते विमान. जिप्सी मॉथ, सेकंडहँड, किंमत सुमारे ६०० पौंड. काही पैसे वडिलांनी दिले आणि काही वंगणतेलाचे व्यापारी लॉर्ड वेकफिल्ड यांनी. वडिलांच्या धंद्याच्या छापावरून तिने त्याचं नाव 'जेसन' ठेवलं. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड, चार सिलिंडरचं हवेने थंड होणारं इंजिन, शंभरेक अश्वशक्तीचं. बसायची जागा उघडी. रेडिओ नाही. जादा पेट्रोलच्या टाक्या बसवलेल्या होत्या आणि त्यातलं पेट्रोल वरच्या टाकीत हातपंपाने चढवावं लागे, तेही विमान चालवता चालवता. बाजूला एक जादा पंखा, म्हणजे विमानाच्या नाकाशी फिरणारा प्रॉपेलर, दोरीने आवळून बांधलेला. निघण्याआधी तिचा सगळ्यात लांबचा प्रवास होता लंडन ते हल, म्हणजे माहेरापर्यंतचा. ५ मे १९३० ला ती लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून निघाली आणि २४ मे रोजी ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला उतरली. अंतर सुमारे ११,००० मैल, म्हणजे जवळजवळ १८,००० किलोमीटर.

गोष्टीची पुस्तकं दिवसाची उड्डाणं सांगतात. माझ्या लेखी खरी गोष्ट संध्याकाळी सुरू होते. दिवसभर उघड्या वाऱ्यात बसून, कानात इंजिनाची घरघर घेऊन ती उतरायची आणि मग दोन-तीन तास इंजिनाचं काम. प्लग काढून काजळी साफ करायची, तेल बदलायचं, व्हॉल्व्हची फट मोजायची, प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणारा मॅग्नेटो बघायचा. पेट्रोल भरायचं तेही गाळून. त्या काळी विमानाचं पेट्रोल मऊ कमावलेल्या कातड्यातून गाळत. ते कातडं आधी पेट्रोलने भिजवलं की पेट्रोल खाली उतरू देतं, पाणी मात्र वरच अडवून धरतं. डब्यातल्या पेट्रोलात पाण्याचे चार थेंब असले आणि ते समुद्रावर असताना कार्बोरेटरमध्ये पोचले, तर इंजिन खोकतं आणि थांबतं. म्हणून कितीही दमलेली असली तरी कातड्यावर थेंब थेंब गळणाऱ्या पेट्रोलासमोर थांबायचं. त्यानंतर जेमतेम तीन-चार तास झोप आणि उजाडायच्या आत पुन्हा वर. मुलं 'धाडस' हा शब्द शंभरदा ऐकतात. हे कातडं त्यांना दाखवा.

अलेप्पोहून बगदादला जाताना वाळूच्या वादळाने तिला वाळवंटात खाली आणलं. विमान वाऱ्याने उलटू नये म्हणून तिने आपलं सामान काढून चाकांना टेकवलं, इंजिनावर कापड बांधलं आणि शेपटाशी पाठ लावून पिस्तूल घेऊन बसली. दूरवर कुत्री भुंकत होती. ही हकिगत सगळे लिहितात आणि सगळ्यांचा भर पिस्तुलावर असतो. मला विचाराल तर तिने इंजिनावर कापड का बांधलं, ते लिहा. वाळूचा बारीक कण सिलिंडरमध्ये गेला तर तो आतल्या भिंती कानशीसारखा घासून काढतो. अशा वादळात इंजिन झाकायचं सुचणं, ही हँगरमधल्या पहाटेची कमाई होती.

सहाव्या दिवशी ती कराचीला पोचली. तिच्याआधी एकट्याने ऑस्ट्रेलिया गाठणारा बर्ट हिंक्लर, त्याच्यापेक्षा दोन दिवस आधी. आता जगभर तिचं नाव झालं. पुढचा टप्पा अलाहाबादचा होता, पण पेट्रोल संपत आलं आणि तिला झाशीला उतरावं लागलं, लष्कराच्या परेड ग्राउंडवर. पंखाला मार लागला. तो एका सुताराने नीट करून दिला. त्या सुताराचं नाव मला कुठे सापडलेलं नाही. पण त्याने जन्मात कधी विमानाचा पंख हातात धरला असेल असं वाटत नाही, आणि तरी त्याला तो जमला, कारण आत शेवटी लाकूडच होतं. तुमच्या पुस्तकात त्याला एक ओळ तरी द्या.

आणि आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते.

१३ मे. ब्रह्मदेशात पाऊस लागला होता. रंगूनच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर उतरायचं ठरलेलं, पण मुसळधार पावसात ती चुकून रंगूनजवळच्या इनसेनच्या एका खेळाच्या मैदानावर उतरली. मैदान छोटं निघालं. विमान पुढे जात राहिलं आणि खड्ड्यात नाक खुपसून थांबलं. पंखा मोडला, चाकांचा सांगाडा वाकला, पंख फाटला. हिंक्लरचा विक्रम मोडायची आशा तिथेच संपली. ती रडली, आणि हेही लिहा. मुलांपासून ते लपवायचं काही कारण नाही.

पण नशीब असं की ते मैदान तंत्रशिक्षण संस्थेचं होतं! मास्तर आणि विद्यार्थी धावत आले. पंखाच्या मोडलेल्या फासळ्या नव्याने करायला हव्या होत्या, त्या लाकडातून घडवल्या गेल्या. कापडाचं काय करायचं हा मोठा पेच. पहिल्या महायुद्धातलं विमानाचं शिल्लक कापड तिकडे आलेलं होतं आणि त्याचे लोकांनी शर्ट शिवले होते. ते शर्ट गोळा केले, उसवले आणि पंखावर बसवले. विमानाच्या कापडावर 'डोप' नावाचं रोगण लावतात. ते वाळताना आक्रसतं आणि कापड ढोलकीच्या चामड्यासारखं ताणून धरतं, तेव्हाच पंखाला आकार येतो. ते डोप तिथल्या एका औषधवाल्याने मिश्रण जमवून करून दिलं. आणि बाजूला दोरीने बांधून आणलेला तो जादा पंखा? तो तिथे कामी आला. १६ मे रोजी जेसन पुन्हा हवेत होतं.

तर बाळ, दुरुस्ती अशी झाली. विद्यार्थ्यांनी केली, मास्तरांनी केली, शर्ट देणाऱ्यांनी केली, औषधवाल्याने केली. आणि त्या सगळ्यांच्या मध्ये, काय तुटलंय आणि ते कसं जोडायचं हे माहीत असलेली एक बाई होती, जिला त्याच विमानात बसून पुढे समुद्र ओलांडायचा होता. कुठला सांधा पक्का झाला आणि कुठला नुसता झाकला गेला, हे तिला कळत होतं. नुसतं विमान चालवता येणारी कोणी असती, तर ती दुसऱ्यांच्या शब्दावर विसंबून उडाली असती, नाहीतर बोटीने घरी गेली असती.

पुढे जावा बेटावर तिला साखर कारखान्याजवळ उतरावं लागलं. तिथे घर बांधायला बांबूचे खुंट ठोकलेले होते, ते पंखांच्या कापडात घुसले. जखमेला लावतात ती चिकटपट्टी लावून तिने भोकं बुजवली आणि निघाली. मग तिमोरचा समुद्र. सुमारे ८०० किलोमीटर नुसतं पाणी, एकच इंजिन, पंखावर शर्टांचं कापड आणि चिकटपट्टी. निम्म्या वाटेवर तेलवाहू जहाज दिसलं, 'फोरस' नावाचं. तिचा जीव भांड्यात पडला, कारण दिशा बरोबर आहे हे कळलं. जेसन आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. मी ते पाहिलेलं नाही, पण पाहायचं आहे.

तिच्या नंतरच्या विक्रमांची यादी लांब आहे. १९३१ मध्ये तिने टोकियो गाठलं, शेजारी जॅक हम्फ्रीज. १९३२ आणि १९३६ मध्ये केपटाऊन. जिम मॉलिसन या वैमानिकाशी लग्न आणि पुढे घटस्फोट. यावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत, मी त्यात शिरत नाही. फक्त एक प्रसंग सांगते, कारण तो इंजिनाचा आहे. १९३४ मध्ये इंग्लंड ते मेलबर्न शर्यतीत हे दोघं कराचीपर्यंत विक्रमी वेळात आले. पुढे वाट चुकली आणि जबलपूरला उतरावं लागलं. तिथे त्यांच्या इंजिनाला लागणारं पेट्रोल नव्हतं. मोटारींचं होतं, तेच भरलं. जास्त दाबावर चालणाऱ्या शर्यतीच्या इंजिनात हलकं पेट्रोल वेळेआधी भडकतं, आत हातोडीचे घाव बसावेत तसा आवाज येतो आणि पिस्टन कामातून जातात. अलाहाबादला त्यांची शर्यत संपली. कुठलं इंजिन काय पितं, हा धडा मी नव्या मुलांना याच गोष्टीवरून शिकवते.

त्याच वर्षी ती विमेन्स इंजिनिअरिंग सोसायटीची अध्यक्ष झाली आणि १९३७ पर्यंत राहिली. १९१९ मध्ये स्थापन झालेली ही इंजिनिअर स्त्रियांची संस्था. पहिल्या महायुद्धात कारखान्यांत उभ्या राहिलेल्या बायकांना युद्ध संपल्यावर घरी पाठवायला लागले, तेव्हा ती निघाली. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या वैमानिक स्त्रीने आपली ओळख इंजिनिअर म्हणून सांगणं, याचा त्या बायकांना किती आधार वाटला असेल! चरित्रांमध्ये या तीन वर्षांना मी सहसा एक वाक्य पाहते.

मग दुसरं महायुद्ध. १९४० मध्ये ती एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरीत दाखल झाली. हे लोक कारखान्यातून निघालेली आणि दुरुस्त झालेली विमानं हवाई दलाच्या तळांवर नेऊन पोचवत. कागदोपत्री नागरी, अंगावर गणवेश, काम युद्धाचं. या संस्थेत १६८ वैमानिक स्त्रिया होत्या आणि युद्धभरात संस्थेने तीन लाखांवर विमानं पोचवली. सुरुवातीला बायकांना पुरुषांपेक्षा कमी पगार होता. समान पगार झाला १९४३ मध्ये. एमीला तो बघायला मिळाला नाही.

या वैमानिकांना रेडिओ नव्हता. ढगांतून केवळ उपकरणांवर विमान चालवण्याचं शिक्षणही दिलेलं नव्हतं. जमीन दिसत राहील असं उडायचं, हाच नियम. ५ जानेवारी १९४१ ला ती ब्लॅकपूलहून एअरस्पीड ऑक्सफर्ड हे दोन इंजिनांचं विमान घेऊन ऑक्सफर्डजवळच्या किडलिंग्टनला निघाली. तासाभराचं अंतर. हवा वाईट होती. चारेक तासांनी, वाटेपासून फार दूर, हर्न बे जवळ थेम्सच्या मुखाशी ती पॅराशूटने थंडगार पाण्यात उतरली. 'हॅसलमीअर' या जहाजावरच्या लोकांनी तिला वाचवण्याची धडपड केली. जहाजाचे अधिकारी वॉल्टर फ्लेचर यांनी स्वतः पाण्यात उडी घेतली, आणि त्या थंडीने त्यांचाही जीव गेला. त्यांना मरणोत्तर अल्बर्ट पदक मिळालं. एमीच्या बॅगा सापडल्या. ती सापडली नाही. ज्यांना थडगं नाही अशांची नावं कोरलेल्या रनीमीडच्या स्मारकावर तिचं नाव आहे.

तिच्या मृत्यूबद्दल नाना कथा आहेत. विमानात आणखी कोणी होतं का, आपल्याच तोफांनी ते पाडलं का. हात जोडून सांगते, मुलांच्या पुस्तकात या कथांना जागा देऊ नका. गूढ विकलं जातं हे मलाही कळतं. पण ३७ वर्षांच्या आयुष्यातला शेवटचा तास एवढा फुगतो की आधीचं सगळं त्याच्या सावलीत जातं. ती ढगांवर अडकून, खाली येण्याची वाट शोधत राहिली असावी, आणि ज्या शिक्षणाने ती खाली आली असती ते तिला देण्यात आलं नव्हतं. पाहा, मीही 'देण्यात आलं नव्हतं' लिहिलं. ते तिच्या वरिष्ठांनी दिलं नव्हतं.

तुमच्याकडे माझं मागणं फार नाही. तिचं चरित्र लिहाल तेव्हा 'वैमानिक' या शब्दाच्या आधी 'इंजिनिअर' लिहा. हँगरचं प्रकरण गाळू नका. प्लग, मॅग्नेटो, डोप हे शब्द अवघड म्हणून काढून टाकू नका, मुलांना अवघड शब्द आवडतात, त्यांचा अर्थ नीट सांगितला तर. आणि चित्रकाराला सांगा की मुखपृष्ठावर हात हलवणारी, फुलांच्या हारातली एमी नको. कामाच्या कपड्यांतली, इंजिनावर वाकलेली दाखवा. तसे तिचे फोटो आहेत.

कोणी लिहायला घेतलंच, तर हस्तलिखित माझ्याकडे धाडा. इंजिनाचा भाग मी ओळ न् ओळ तपासून देईन. मोबदला नको. फक्त एक प्रत जास्तीची ठेवा, मधल्या बाकावरच्या त्या मुलीला द्यायची आहे. मी तिला म्हटलं होतं की उत्तर शोधून पुस्तकात लिहायला सांगते.

आपली,
इंजिनाच्या कामातली एक वाचक